नवे दिव्य

मराठेशाहीतील जुने महजर ज्यांनी चाळले आहेत त्यांस ‘रवादिव्य’ हा शब्द अपरिचित नसेल. वतनाचा तंटा साक्षीपुराव्याने तुटेनासा झाला, म्हणजे पक्षकाराने कढत तेलातून धातूचा रवा हाताने काढावयाचा; मग तो हात पिशवीत बांधून तीवर मोहर करावयाची, आणि ठरल्या दिवशी मजलिशीपुढे पिशवी सोडून पाहावयाचे. हात धड तर मनुष्य खरा, हात पोळला तर मनुष्य खोटा. आज शाळेतले पोरही या न्यायास हसेल. परंतु हसण्याची इतकी घाई करू नये, असे आम्हांस वाटते. यंत्रविद्येत जे राष्ट्र सर्वांच्या पुढे गेले त्या अमेरिकेच्या हमरस्त्यांवर याच जातीचे एक दिव्य आज चालू आहे, आणि ते कसे घ्यावे याचे रीतसर शिक्षण पोलिसांस देण्यात येते. फरक एवढाच की कढईच्या जागी तेथे शिपायाची नजर आहे, आणि हाताच्या जागी वाटसराचा चेहरा.

या शिक्षणाचे स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. १९८४ साली तेथील अमली पदार्थविरोधी संघीय खात्याने ‘ऑपरेशन पाइपलाइन’ या नावाचा उपक्रम काढला आणि त्यातून निरनिराळ्या राज्यांच्या गस्तीच्या पोलिसांस रस्त्यावरून माल नेणारा मनुष्य कसा ओळखावा हे शिकविण्यास आरंभ केला. पद्धत अशी. मोटारीचा एखादा दिवा लागत नाही, किंवा चालकाने खूण न करता पट्टा बदलला, एवढे निमित्त पुरते. कारण वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल तर थांबविणाऱ्याच्या मनातला हेतू कोणता होता हे पाहावयाचे नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला आहे. मोटार थांबली की परवाना तपासता तपासता गोड बोलणे सुरू होते. कोठून आलात, कोठे निघालात, ही बाई तुमची कोण, तिकडे किती दिवस राहणार? प्रश्न साधे असतात, पण प्रश्नकर्त्याचे चित्त उत्तराकडे थोडे आणि उत्तर देणाऱ्याकडे फार असते. नजर चुकविली काय, हात कापला काय, गळ्याची शीर उडते काय, उत्तरापूर्वी तो अडखळला काय, मोटार भाड्याची आहे काय, आत सुगंधी द्रव्य टांगले आहे काय, हे सर्व तो मनात टिपीत असतो. टिपणे पुरेशी झाली की तो झडतीची परवानगी मागतो. ती नाकारण्याचा आपणांस हक्क आहे हे चालकास ठाऊक नसले तरी त्याची संमती खरी मानता येते, असे १९७३ साली ठरले. आणि ‘आता तुम्ही जाण्यास मोकळे आहात’ हे आधी सांगण्याची गरज नाही, असे १९९६ साली ठरले. कान्सस राज्यात तर याची एक ठराविक चालच बसली होती. शिपायाने कागद परत द्यावे, दोन पावले आपल्या गाडीकडे टाकावी, आणि एकदम मागे वळून ‘आणखी दोन गोष्टी विचारू का?’ म्हणून नव्याने आरंभ करावा. २०२३ साली तेथील संघीय जिल्हा न्यायालयाने या प्रथेवर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे झाडले, तेव्हा कोठे तिचा बाहेर बभ्रा झाला.

या शिक्षणाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे आम्ही न्यायाने मांडू. ते म्हणतात, या रस्त्यांवरून विषाचा व्यापार चालतो. त्या विषाने हजारो घरे बसली आहेत. आणि ते वाहणारा मनुष्य कपाळावर पाटी लावून येत नाही. ज्याने वीस वर्षे रस्त्यावर काढली त्या शिपायास खोट्याचा वास येतो. मग त्याची ती विद्या नवशिक्यांस का शिकवू नये? सराफ नाणे वाजवून पारखतो, वैद्य नाडी धरून रोग सांगतो, मग शिपायाने चेहरा पाहून लबाड का ओळखू नये? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड दिसतो, आणि आपल्या पूर्वजांचाही त्यास पाठिंबा मिळेल. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने स्वर, वर्ण, इंगित व नेत्र यांवरून माणसाचे अंतरंग जाणावे असे सांगितलेच आहे. आमच्या घराघरांतूनही ‘माझ्या डोळ्यांत बघून सांग’ हे आईचे वाक्य कोणी ऐकले नाही? तात्पर्य, ही समजूत जुनी आहे, सार्वत्रिक आहे, आणि म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे.

ती तपासली गेली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८ देशांतील लोकांस ‘मनुष्य खोटे बोलत आहे हे कशावरून ओळखाल?’ असे विचारले असता अर्ध्याहून अधिकांनी ‘तो नजर चुकवितो’ हेच उत्तर दिले. याच्या उलट, खोटे बोलणारे खरोखर काय करतात याचा शोध बेला डीपॉलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली घेतला. शंभराहून अधिक प्रयोग एकत्र करून त्यांनी १५८ चिन्हांची छाननी केली. बहुतेक चिन्हांचा खोटेपणाशी संबंध नाही, किंवा असलाच तर तो अगदी क्षीण आहे, असे आढळले. आणि जगाने एकमुखाने सांगितलेल्या त्या नजर चुकविण्याचाही संबंध दिसला नाही. पुढे २००६ साली चार्ल्स बाँड व डीपॉलो यांनी चोवीस हजारांहून अधिक परीक्षकांचे निकाल एकत्र केले, तेव्हा माणसाची खरेखोटे ओळखण्याची सरासरी शेकडा ५४ भरली. नाणे उडवून पाहणाराची सरासरी ५० असते! चार पैलूंची भर घालून त्यास विद्या म्हणावयाचे असेल तर म्हणावे. आमचे धैर्य होत नाही.

येथे कोणी म्हणेल, ही सामान्य लोकांची गोष्ट झाली, पोलिसांचे काय? पॉल एकमन व मॉरीन ओसलिव्हन यांनी १९९१ साली पोलीस, न्यायाधीश, मनोवैद्य, यंत्राने खोटे तपासणारे तज्ज्ञ व विद्यार्थी अशा सर्वांची परीक्षा घेतली. अध्यक्षांच्या रक्षणार्थ असलेल्या सीक्रेट सर्व्हिसच्या लोकांखेरीज कोणताही वर्ग नाणेफेकीच्या पुढे गेला नाही. सराफाशी व वैद्याशी केलेली तुलना येथेच मोडते. सराफाने चूक केली तर खोटे नाणे दुसऱ्या दिवशी त्याच्याच गल्ल्यात सापडते. वैद्याने चूक केली तर रोगी दगावतो. आपली चूक डोळ्यांपुढे आल्यामुळेच ते शहाणे होतात. शिपायाने ज्यास साव समजून सोडून दिले तो चोर होता, हे त्यास कळणार कसे? आणि ज्याची झडती व्यर्थ घेतली, त्याच्याविषयी ‘या खेपेस त्याने माल आणला नसावा’ असे म्हणण्यास तो मोकळाच असतो. ज्या धंद्यात चूक कधी परत येत नाही त्यात वीस वर्षे काढल्याने ज्ञान वाढत नाही, घमेंड वाढते.

आणि शिक्षणाने काय होते? आमच्या मते या वादाचे मर्म येथे आहे. पोलीस तपासाच्या एका प्रसिद्ध पाठ्यक्रमात चेहरा व हालचाल वाचण्याचे जे नियम शिकवितात ते सॉल कॅसिन व क्रिस्टिना फाँग यांनी १९९९ साली काही विद्यार्थ्यांस शिकविले आणि काहींस शिकविले नाहीत. मग दोघांस खऱ्याखोट्या जबान्यांची चित्रे दाखविली. शिकलेल्यांचे निर्णय न शिकलेल्यांहून अधिक चुकले. परंतु आपण बरोबर आहो हा त्यांचा विश्वास मात्र अधिक होता, आणि आपल्या निर्णयाची कारणेही त्यांनी अधिक सांगितली! म्हणजे शिकवणीने दृष्टी आली नाही, दृष्टी आल्याचा भास आला. अज्ञानी मनुष्य निदान चाचपडतो. ज्यास डोळे आल्याचा भास झाला आहे तो धावत सुटतो. आणि ज्या माणसाच्या कमरेस पिस्तूल आहे, ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे स्वातंत्र्य अवलंबून आहे, त्याच्या ठायी असा भास उत्पन्न करण्यासाठी सरकारने प्रजेचा पैसा खर्च करावा, यास आम्ही शिक्षण म्हणावे काय?

विमानतळांवर हाच प्रयोग करून झाला आहे. तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ पासून उतारूंच्या वागण्यावरून संशयित ओळखण्यासाठी अंमलदार नेमले व त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च केले. २०१३ साली सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने असा अभिप्राय दिला की माणसाची ही शक्ती नाणेफेकीइतकी किंवा तिच्याहून किंचितच सरस असते, सबब या कामास पुढे पैसा देण्यास मर्यादा घालावी. जी गोष्ट विमानतळाच्या लखलखीत दिव्यांखाली साधली नाही, ती रात्रीच्या अंधारात, विजेरीच्या झोतात, धडधडत जाणाऱ्या मालमोटारींच्या कडेला साधते, हे आम्ही कशाच्या आधारावर मानावे?

आता थोडे गणित करू. समजा, एक हजार मोटारी थांबविल्या आणि त्यांतील दहांत माल आहे. वर सांगितलेल्या २००६ च्या एकत्रित निष्कर्षात खोटे ओळखण्याचे प्रमाण शेकडा ४७ व खरे ओळखण्याचे शेकडा ६१ आहे. त्या हिशेबाने दहा लबाडांतले पाच सापडतील, आणि ९९० भल्या माणसांतले सुमारे ३८६ लबाड ठरतील. पाच चोरांसाठी तीनशे शहाऐंशी साव! बरे, आमचा शिपाई असामान्य आहे असे धरू, आणि त्यास दोन्ही बाबतींत शंभरांतले ऐंशी बरोबर ओळखता येतात असे मानू. तरीही आठ चोरांबरोबर १९८ साव संशयित ठरतातच. प्रत्यक्ष झडतीपूर्वी मालाचा वास, कुत्र्याचे हुंगणे इत्यादी इतर गोष्टीही असतात, म्हणून प्रत्यक्ष आकडे याहून वेगळे येतील हे आम्ही जाणतो. पण केवळ चेहऱ्याच्या भरवशावर जो चालेल त्याचा हिशेब हाच. भली माणसे फार व लबाड थोडे, ही समाजाची सुदैवाची स्थितीच या विद्येचे दुर्दैव आहे.

त्या १९८ लोकांत कोण असते? १९९२ च्या मे महिन्यात रॉबर्ट विल्किन्स नावाचे कृष्णवर्णीय वकील शिकागोस आपल्या आजोबांचा अंत्यविधी आटोपून कुटुंबीयांसह भाड्याच्या मोटारीतून परतत होते. मेरीलंड राज्यात पोलिसांनी मोटार थांबविली व झडतीची परवानगी मागितली. विल्किन्स यांनी कायदा सांगून ती नाकारली. तेव्हा कुत्रा येईपर्यंत त्यांना अडकवून ठेवले, आणि घरात सुतक असलेल्या त्या मंडळींस पावसात उभे करून कुत्र्याकडून मोटार हुंगविली. काही सापडले नाही. विल्किन्स यांनी दावा लावला. १९९५ साली तडजोड होऊन पोलिसांनी झडत्यांची नोंद ठेवण्याचे कबूल केले. त्या नोंदींनीच पुढे घात केला. एका हमरस्त्यावर वाहने हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीय शेकडा सुमारे १७, पण झडती झालेल्यांत ते शेकडा ७० हून अधिक निघाले. आणि झडतीत काही सापडण्याचे प्रमाण गोऱ्यांत व कृष्णवर्णीयांत जवळजवळ सारखेच, म्हणजे शेकडा २८ च्या आसपास होते. ज्यास ‘वीस वर्षांची नजर’ म्हणत होते ती कशावर पडत होती हे उघड झाले. विल्किन्स पुढे संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पण प्रत्येक वाटसरू वकील नसतो, आणि प्रत्येकाचा दावा उभा राहत नाही.

ही गोष्ट परक्या मुलखाची म्हणून आमच्या वाचकांनी मनाआड करू नये. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत हजारो मराठी घरे आज त्या देशात नांदत आहेत. वाचकांपैकी कित्येकांची मुले, जावई, नातवंडे त्याच रस्त्यांवरून मोटारी हाकीत आहेत. वडील माणसासमोर वा अधिकाऱ्यासमोर नजर खाली असावी, चटकन उलट उत्तर देऊ नये, हे वळण आपणच त्यांना लावले. आता त्या विनयाचे भाषांतर रस्त्यावरचा शिपाई कसे करील? नेदरलंड्समध्ये दोघा मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न १९९० च्या सुमारास तपासला. सुरिनामहून आलेले लोक बोलताना डच लोकांहून अधिक वेळा नजर वळवितात व अधिक अडखळतात. आणि डच पोलिसांस नेमके तेच वागणे अधिक संशयास्पद वाटते, असे त्यांना आढळले. एकाचा विनय तो दुसऱ्यास गुन्हा दिसतो! शिवाय खरे बोलणारा मनुष्यही, आपल्यावर विश्वास बसणार नाही या भीतीने घाबरतो. एकमन यांनी या चुकीस शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचे नाव दिले आहे; त्याने डेस्डेमोनाची भीती पाहिली, पण भीतीचे कारण चुकीचे लावले आणि तिचा जीव घेतला.

आणखी एक विसंगती पाहावी. खोटे पकडण्याचे यंत्र अमेरिकेतच निघाले. पण त्याच्या आद्य रूपावर आधारलेली साक्ष वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९२३ साली अग्राह्य ठरविली. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली सेल्वी खटल्यात, मनुष्याच्या इच्छेविरुद्ध त्याजवर असले यंत्र, गुंगीचे औषध किंवा मेंदूचा आलेख यांचा प्रयोग करणे घटनेस धरून नाही असा निर्णय दिला. श्वास, नाडी व घाम मोजणाऱ्या यंत्रावर जेथे इतका अविश्वास, तेथे तोच घाम व तीच नाडी दहा फुटांवरून नुसत्या डोळ्यांनी मोजणाऱ्या शिपायावर एवढा विश्वास का? २००२ साली ॲरिझोनातील एका प्रकरणात चालक ताठ बसला होता व त्याने गस्तीच्या गाडीकडे पाहिले नाही, या गोष्टीही इतर गोष्टींबरोबर संशयाच्या पारड्यात घालण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. त्या मोटारीत गांजा सापडला हे खरे; आम्ही ते लपवीत नाही. परंतु जो पाहत नाही तो संशयित, आणि जो टक लावून पाहतो तो निर्ढावलेला, असे म्हणता येऊ लागले म्हणजे निरपराध मनुष्याने आपले डोळे ठेवावे कोठे?

मग पोलिसांनी हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. आमचा विरोध पोलिसांस नाही, त्यांच्या शिक्षणासही नाही. शिकविण्याच्या विषयास आहे. चेहरा वाचण्यास न शिकविता प्रश्न विचारण्यास व उत्तर पडताळण्यास शिकवा, एवढेच आमचे म्हणणे आहे. मारिया हार्टविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली स्वीडनमधील पोलीस उमेदवारांस एक साधी गोष्ट शिकविली. हाती असलेला पुरावा आधी उघड करू नका. मनुष्यास आपली हकीकत मोकळेपणी सांगू द्या. मग ती पुराव्याशी जुळते की नाही ते पाहा. शिकलेल्यांचे शेकडा ८५ निर्णय बरोबर आले, न शिकलेल्यांचे ५६. इंग्लंडात गिल्डफर्ड व बर्मिंगहॅमच्या खटल्यांतील निरपराध माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात पिचल्यावर १९८९ व १९९१ साली सुटली, तेव्हा त्या देशाचे डोळे उघडले आणि १९९२-९३ मध्ये पोलिसांच्या चौकशीची नवी पद्धती घालण्यात आली. तिचे ध्येय कबुली काढणे हे नसून माहिती मिळविणे हे आहे. अशा शिक्षणात शिपाई आपल्या नजरेवर विसंबत नाही, तो वस्तुस्थितीवर विसंबतो. आणि वस्तुस्थिती गोऱ्याची व काळ्याची निराळी नसते. मात्र रस्त्याच्या कडेला जेथे पुरावाच हाती नाही व पडताळण्यास वेळही नाही, तेथे शिपायाने दंडाची पावती द्यावी आणि वाटसरास जाऊ द्यावे. नियमभंगाचे काम संपल्यावर केवळ कुत्र्यासाठी मोटार अडकवून ठेवता येत नाही, त्यास स्वतंत्र सबळ कारण हवे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१५ साली सांगितले आहे. ‘मला तो घाबरलेला दिसला’ हे ते सबळ कारण होऊ नये.

कौटिल्याचे नाव कठोर राजनीतीसाठी घेतले जाते. संशयिताच्या चिन्हांची लांबलचक यादी त्यानेही दिली आहे. परंतु त्याच अधिकरणात तो थबकतो आणि मांडव्याचे उदाहरण देतो. मांडव्य चोर नव्हता, तरी यातनांच्या भयाने ‘मी चोर आहे’ असे म्हणाला. म्हणून पुराव्याने पुरता निश्चय झाल्यावाचून दंड करू नये, असे तो बजावतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कडव्या राजनीतिज्ञास जी शंका आली, ती आजच्या पोलीस शाळेच्या चालकांस येऊ नये हे नवल आहे. जुन्या रवादिव्यात निदान एक गोष्ट होती: पिशवी भर मजलिशीत उघडत, आणि हात पोळला की नाही हे चार जणांस दिसे. या नव्या दिव्यात कढई, पिशवी, मोहर आणि मजलिस या साऱ्या एकाच माणसाच्या डोक्यात आहेत, आणि दिव्य देणारास आपण दिव्य देत आहो याचा पत्ताही नसतो. ज्या न्यायास आपण हसून मागे टाकले, तो अशा रूपाने परत येत असेल तर त्यास दारातच अडविले पाहिजे.